घरचे वगळून

‘राखण’ नावाचा कॅमेरा बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी, त्याने पहिली सूचना दिली. अजिंक्य भोईटे तेव्हा दात घासत होता. फोनवर लिहून आलं होतं: ‘अनोळखी पुरुष तुमच्या घराच्या पूर्वेकडच्या भिंतीवरून चालत आहे. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. कृपया खात्री करा.’

अजिंक्यने चूळ भरली आणि खात्री करायला बाहेर आला. त्याच्याआधी त्याचे वडील, अप्पा, काठी घेऊन पोचले होते. चोर आल्याचा जो आनंद अप्पांच्या चेहऱ्यावर होता, तो अजिंक्य पदवीधर झाला त्या दिवशीही दिसला नव्हता.

भिंतीवर सावली होती. शेजारचे मुळीकसर आपल्या गच्चीवर सकाळच्या फेऱ्या मारत होते. त्यांच्या मागून आडवं, कोवळं ऊन येत होतं आणि मधलं पंचवीस फुटांचं अंतर ओलांडून सरांची सावली भोइट्यांच्या पांढऱ्या भिंतीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होती. पाय जमिनीला टेकत नव्हते हे खरंच होतं. यंत्र प्रामाणिक होतं.

“सावली आहे, अप्पा.”

“कुणाची?”

“त्यांची.”

अप्पांनी काठी खाली घेतली. “आता सावलीसुद्धा हद्दीत यायला लागली,” ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी तारीख-वेळ लिहून ठेवली.

फलटणच्या त्या कॉलनीत भोईटे आणि मुळीक यांच्यात अकरा वर्षं विस्तव जात नव्हता. अप्पा मोजणी खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी स्वतःच्याच प्लॉटची मोजणी केली आणि त्यांना असं आढळलं की दोन घरांमधली नऊ इंची भिंत सामाईक नसून संपूर्ण आपल्या हद्दीत आहे. मुळीकसर निवृत्त पी.टी.चे शिक्षक. त्यांनी पावलं टाकून मोजलं, आणि त्यांना बरोबर उलटं आढळलं. तेव्हापासून कोर्टात दावा आणि अंगणात अबोला, दोन्ही नियमित सुरू होतं. बायका मात्र बोलत. आई आणि मुळीककाकूंच्या वाट्या भिंतीवरून ये-जा करत, आणि भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हे दोघी कसोशीने पाळत असल्यामुळे अकरा वर्षांपूर्वी शेवभाजी घेऊन निघालेली एक वाटी अजून कुठल्याच घरी स्थिरावली नव्हती.

कॅमेरा चोरांसाठी नव्हताच. त्या भिंतीवर आपण काहीतरी बसवू शकतो, एवढंच अप्पांना सिद्ध करायचं होतं. पण तोवर घराघरांवर इतके कॅमेरे झाले होते आणि त्यावरून इतकी डोकी फुटली होती, की सामाईक भिंतींसाठी सरकारने नवा नियम आणला होता. कॅमेऱ्याने शेजाऱ्याकडे पाठ करून बसावं. शेजाऱ्याचा चेहरा, अंगण, आवाज, काही म्हणजे काही टिपू नये. टिपलं तर कॅमेरा जप्त, आणि भिंतीवरचा हक्कही गेला. म्हणून राखण भिंतीवर बसून भोइट्यांच्याच घराकडे टक लावून बघायचा. अप्पांनी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं होतं की ‘सदर कॅमेरा मुळीक यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.’ वकिलांनी ‘ढुंकूनही’ काढा म्हणून विनवलं. अप्पांनी ठेवलं. सुनावणी सोळा दिवसांवर होती, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी.

राखण चेहरा बघत नसे, हे त्याचं वैशिष्ट्य. चोर तोंड बांधून येतो, चाल बांधून येत नाही. पावलाची लांबी, टाच टेकायची तऱ्हा, खांद्याचा कल, हाताचा झोका अशी साठेक मापं घेतली की दोन माणसांच्या चाली सहसा जुळत नाहीत, सख्ख्या भावांच्याही नाहीत. बसवतानाच तो घरच्यांना एकेक करून अंगणात चालायला लावायचा, त्यांच्या चाली पाठ करायचा आणि त्यांना ‘घरचे’ या यादीत टाकायचा. त्यानंतर त्यांच्याकडे बघणं बंद. खोक्यावर ठळक छापलेलं होतं: ‘पाहणी: घरचे वगळून.’ आई एका फेरीत पास झाली, अजिंक्यही. अप्पांना त्याने तीनदा ‘कृपया पुन्हा चाला’ सांगितलं. अप्पा म्हणाले, यंत्र नवीन आहे, शिकेल.

हे ‘कृपया’ अजिंक्यचंच होतं. तो घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी यंत्रांचं मराठी लिहायचा. फ्रिज, मिक्सर, पाण्याचे मीटर, कॅमेरे. महाराष्ट्रातलं कुठलंही यंत्र अदबीने बोललं, तर ती अदब बहुतेक अजिंक्यची असे. एखाद्या अनोळखी घरात धुलाई यंत्र ‘दार नीट लागले नाही, कृपया तपासा’ म्हणालं की त्याला स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखं कसंतरी व्हायचं.

तर सावली. राखणने रीतसर विचारलं: ‘ही व्यक्ती घरची आहे का?’ मुळीकला घरचा म्हणण्यापेक्षा भिंत पाडून टाकीन, असं अप्पांनी सांगितलं. अजिंक्यने ‘अनोळखी’ दाबलं. आणि अनोळखी माणसाचा अभ्यास हे तर राखणचं कामच. रोज सकाळी तासभर तो त्या सावलीची मापं घेऊ लागला. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड पंचवीस फुटांवर सात-आठ सेंटिमीटर विरघळून जाते. राखण सेकंदाला साठ चित्रं घ्यायचा, आणि हजारो चित्रं एकमेकांवर ठेवून ती कड पुन्हा शिवून काढायचा.

नवव्या दिवशी सूचनेचा रंग बदलला. पिवळी असायची, ती जांभळी आली.

‘अनोळखी व्यक्ती क्र. १. उजव्या हाताचा झोका: नाही. हाताच्या टोकाला लयबद्ध कंपन: सेकंदाला चार. दर सत्तावीस सेकंदांनी पाऊल गोठते, वळण सावकाश. ही लक्षणे कंपवाताच्या सुरुवातीशी जुळतात. येत्या तीस दिवसांत तोल जाऊन पडण्याची शक्यता: एकसष्ट टक्के. कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’

अजिंक्यने ते तीनदा वाचलं. मग कंपनीतल्या माहीतगार मैत्रिणीला, कुणाचं नाव न घेता, विचारलं. तिने समजावलं त्याचा मथितार्थ असा: आपण पायांनी चालतो हा गैरसमज आहे. पायांबरोबर हात आपोआप हलतात, आणि ते ‘आपोआप’ मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक छोटा पुंजका सांभाळतो. कंपवातात तो पुंजका हळूहळू विझत जातो. विझताना माणसाला काही कळत नाही, कारण आधी जातं ते आपण मुद्दाम करतच नसतो. एका बाजूचा हात हलायचा थांबतो. वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. कधीकधी हाताची थरथर बरीच नंतर येते, तेव्हा कुठे लोक डॉक्टरकडे जातात. चालीत मात्र ते वर्ष वर्ष आधी दिसतं. म्हणून कंपनीने ‘आरोग्य राखण’ फुकट जोडून दिलंय. ओळख पटवायला घेतलेली मापं पडूनच असतात, तर तेवढं पुण्य.

“यंत्र चुकतं का?” त्याने विचारलं.

“माणसाइतकं नाही,” ती म्हणाली. हे वाक्यसुद्धा त्यानेच एका माहितीपत्रकासाठी लिहिलं होतं.

मुळीकसरांच्या गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा होता.

त्या दिवसापासून अजिंक्यची झोप उडाली. साडेसहालाच तो अंगणात खुर्ची टाकून स्वतःच्या घराच्या भिंतीकडे बघत बसू लागला. सावली यायची. डावा हात हलतोय, उजवा छातीशी धरलेला. सत्तावीस आकडे मोजले की सावली मध्येच खिळल्यासारखी थांबायची, आणि अजिंक्यचं काळीज तिच्याबरोबर. मग ती सावकाश वळायची. तो श्वास सोडायचा आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचा. आईला वाटलं पोरगं ध्यानाला लागलं. तिने चांगली गोष्ट म्हणून दोन शेजारणींना सांगितलंही.

शाळेत मुळीकसरांनी त्याला सहा वर्षं कवायत शिकवली होती. अजिंक्यचा संचलनात हातच हलत नसे, पाय सगळ्यांबरोबर आणि हात शिवल्यासारखे. मग मैदानाच्या त्या टोकावरून हाक यायची, “भोईटे, हात! खांद्याच्या रेषेत!” आणि आता त्याच माणसाचा हात हलत नव्हता, आणि हे जगात फक्त अजिंक्यला आणि एका यंत्राला माहीत होतं.

सांगायचं कसं? सांगितलं की कॅमेरा सरांना बघतो हे कबूल केलं. म्हणजे अप्पांचं प्रतिज्ञापत्र खोटं, कॅमेरा जप्त, भिंत गेली, अकरा वर्षं पाण्यात. निवृत्त माणसाकडे त्या दाव्याशिवाय सकाळी उठायला दुसरं कारण नव्हतं. आणि नाही सांगितलं, तर एकसष्ट टक्के.

आईला सांगण्यात अर्थ नव्हता. वाटीबरोबर बातमी दहा मिनिटांत पलीकडे गेली असती. तो वकिलांकडे गेला आणि ‘माझ्या एका मित्राच्या घरी’ अशी सुरुवात करून विचारलं. वकिलांनी सबंध चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, सावली ही स्थावर की जंगम, यावर निवाडा नाही. पण तुमच्या भिंतीवर पडलेली सावली तुमच्या ताब्यात आहे असं म्हणता येईल, ती ज्याची आहे तो माणूस मात्र नाही. एकूण, गुरुवारपर्यंत तुमच्या मित्राने तोंड उघडू नये, आणि अप्पांना नमस्कार सांगा.

मग अजिंक्यने शिकलेल्या माणसाने करू नये ते केलं. निनावी चिठ्ठी लिहिली. आयुष्यभर तुटक, स्पष्ट, अदबशीर सूचना लिहिल्याचा हा परिणाम. ‘गच्चीवर फिरू नये. आपण पडाल. कृपया काळजी घ्यावी. – एक हितचिंतक.’ ती त्याने पहाटे मुळीकांच्या पेपरात सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या वकिलांची नोटीस आली. सोबत ‘धमकीपत्राची’ नक्कल. तीत ‘पडाल’ या शब्दाखाली लाल रेघ होती.

अप्पांनी नोटीस वाचली आणि मनापासून दुखावले. “मी असल्या चिठ्ठ्या कशाला लिहीन? मला पाडायचाच असता तर मोजून पाडला असता.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या फेऱ्यांची जागा बदलली. कुणाच्या धमकीला भीत नाही हे दाखवायला ते आता थेट कठड्याच्या कडेने चालू लागले. भिंतीवरची सावली अधिक ठळक झाली. राखणने खुशीत कळवलं की मापं आता जास्त अचूक मिळत आहेत; शक्यता: चौऱ्याहत्तर टक्के.

अजिंक्यने आणखी दोन सकाळी मोजत काढल्या. मंगळवारी सातच्या सुमारास सावली कठड्याच्या टोकाशी आली, थांबली आणि किंचित पुढे झुकली. प्रत्यक्षात सर खाली काकूंनी वाळत घातलेला टॉवेल उडाला का ते बघत होते. पण हे सावलीत दिसत नाही. अजिंक्य खुर्चीवरून उठला तो थेट फाटकातून बाहेर, मुळीकांच्या फाटकातून आत, आणि जिना चढून गच्चीवर. अकरा वर्षांत त्या घरात पाऊल टाकणारा तो पहिला भोईटे. जिन्यात मुळीककाकू म्हणाल्या, “अरे, वाटी आणलीस का?” तो न थांबता वर गेला.

“सर,” तो धापा टाकत म्हणाला, “कडेपासून मागे व्हा. तुम्हाला कंपवात असू शकतो.”

सरांनी डावा तळहात वर केला. मैदानावर ‘थांब’ म्हणायला करायचे तसा. ओठ पुटपुटत होते, पावलं चालूच होती. अजिंक्य थांबला. आयुष्यातले सर्वांत लांब सेकंद तो मोजू लागला, आणि मोजता मोजता त्याला दिसलं की सरांचा उजवा हात छातीशी आहे खरा, पण तो एका भगव्या कापडी पिशवीत आहे. पिशवीचं टोक थरथरत होतं. तेवढ्यात सर जागच्या जागी गपकन थांबले. पिशवीत काहीतरी फिरवलं, स्वतःही सावकाश वळले.

“बोल.”

अजिंक्यने सगळं सांगून टाकलं. सावली, कॅमेरा, जांभळी सूचना, टक्के, चिठ्ठी. प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं हेसुद्धा. सर मध्ये एकदाही बोलले नाहीत. कवायत चुकत चुकत का होईना, शेवटपर्यंत होऊ द्यायची त्यांची जुनी सवय होती.

“सेकंदाला किती म्हणाला तुझा कॅमेरा?”

“चार.”

“आणि थांबतो कितीनं?”

“सत्तावीस सेकंदांनी.”

“सत्तावीस चोक?”

अजिंक्य नकळत सावधानमध्ये उभा राहिला. “एकशे आठ.”

सरांनी त्या पिशवीतून, गोमुखीतून, हात बाहेर काढला. हातात तुळशीची माळ होती. “मेरुमणी ओलांडायचा नसतो. माळ उलटी फिरवावी लागते, म्हणून थांबतो. एक कोटी रामनामाचा संकल्प आहे, रामनवमीला पुरा करायचाय. सावकाश जपत बसलो तर पुढच्या जन्मात जाईल.”

“सेकंदाला चार, सर?”

“सवयीनं होतं.”

“आणि संकल्प कशासाठी?”

“दावा जिंकायला,” सर म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही त्यांना वाटत नव्हतं.

अजिंक्यला हसू यायला लागलं. आठ दिवसांची झोप अंगावरून घसरत खाली गेल्यासारखं वाटलं. शेकडो डॉक्टरांकडून शिकलेल्या यंत्राला कुणी जपमाळ दाखवली नव्हती, एवढाच काय तो कंपवात. त्याने सरांच्या पाया पडून माफी मागितली, चिठ्ठीची तर दोनदा, आणि जिन्याकडे वळला.

“भोईटे,” मागून हाक आली. “हात.”

अजिंक्यने घाईघाईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

“तुझा नाही. तुझ्या बापाचा.”

सर कठड्यापासून दोन पावलं आत आले. सकाळी माझी सावली तुमच्याकडे जाते, ते म्हणाले, तशी संध्याकाळी त्याची माझ्याकडे येते. तो त्याच्या गच्चीवर फेऱ्या मारतो, मी खाली जाईला पाणी घालत असतो. माझ्या भिंतीवर बघतो. मागच्या दिवाळीत डावा हात थोडा कमी हलायचा. संक्रांतीला अर्धा. आता नुसता लटकतो. पूर्वी तीन पावलांत वळायचा, आता सात लागतात. चौतीस वर्षं पोरांचे हात बघितलेत मी. कंटाळ्यानं न हलणारा हात वेगळा आणि हा वेगळा.

अजिंक्यचं हसू केव्हाच गेलं होतं. तरी त्याने एक क्षीण प्रयत्न केला.

“अप्पा जप नाही करत, सर.”

“म्हणूनच.”

खाली रस्त्यावरून भाजीवाल्याचा टेम्पो ओरडत गेला.

“मग सांगितलं का नाहीत तुम्ही?”

“अबोला आहे ना,” सर म्हणाले. घरात ताप आहे म्हणून लग्नाला आलो नाही, असं सांगावं तसं. मग माळेचे मणी उगाच मागेपुढे करत म्हणाले, “सांगितलं असतं तर म्हणाला असता, माझ्याकडे बघतोस कशाला. माझ्याही वकिलांनी लिहून दिलंय की आम्ही तुमच्याकडे बघत नाही. पुण्याहून ते मेंदूचे डॉक्टर येतात ना इथं, पंधरा दिवसांतून एकदा गुरुवारी? भोईटे नावानं चार वेळा नंबर लावला. चारही वेळा फुकट गेला. परवाचाही लावून ठेवलाय.”

“परवा तर सुनावणी आहे.”

“माहीत आहे.”

“अप्पा तारीख मागणार नाहीत, सर. आजारी आहे म्हणून तर मरेपर्यंत नाही.”

सरांनी गच्चीची एक फेरी मारली. जप न करता, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत हलवत. चांगला दणकट झोका होता.

“मी मागतो,” ते परत आल्यावर म्हणाले. “मला कंपवात आहे म्हणून. तुझ्या कॅमेऱ्याचा कागद दे मला.”

“तो खोटा आहे.”

“खोटा नाही, चुकीचा आहे. खोटं कुणीतरी मुद्दाम करतं.”

“आणि प्रतिज्ञापत्र? कॅमेरा तुम्हाला बघतो हे तुम्हीच कोर्टात—”

“सावलीला बघतो. सावली मी तुमच्या हद्दीत टाकली, चूक माझी,” सर म्हणाले, आणि हात गोमुखीत घातला. “जा आता. माझे तीन लाख राहिलेत.”

दिवसभर अजिंक्यने अप्पांकडे पाहिलं. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. चहाचा कप त्यांनी उजव्या हाताने घेतला, पेपर मांडीवर पसरला, शर्टाची डावी बाही आईने सरळ केली. हे तो रोजच बघत होता, आणि ह्यात त्याला काही दिसायचं नाही कारण तो रोजच बघत होता. आई कधीपासून बाही सरळ करते, हे त्याने आठवून पाहिलं. आठवेना. त्याने तिला विचारलं. तीही बराच वेळ आठवत राहिली, आणि मग पदराला हात पुसत उगाचच पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी सहाला अप्पा गच्चीवर गेले. अजिंक्य अंगणात, भिंतीवरच्या कॅमेऱ्याखाली उभा राहिला. वर राखणच्या काचेसमोरूनच अप्पा चालत होते, पंधरा दिवस तसेच चालत आले होते, आणि राखण शब्दाचा पक्का असल्यामुळे त्यांच्याकडे बघत नव्हता. अजिंक्यने फोन उघडला. ‘घरचे: ३.’ अप्पांच्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं: ‘या व्यक्तीला घरच्यांतून काढायचे आहे का? यापुढे ती अनोळखी समजली जाईल.’

हे वाक्य त्याने गेल्या वर्षी एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, दीड मिनिटात लिहिलं होतं. ‘कृपया’ घालावं की नको यावर थोडा विचारही केला होता.

त्याने ‘हो’ दाबलं.

राखणला फार वेळ लागला नाही. चार फेऱ्या झाल्या असतील. ‘अनोळखी व्यक्ती क्र. २. वय अंदाजे सत्तर. डाव्या हाताचा झोका: नाही. वळताना पावले: सात.’ पुढचं जांभळं वाक्य त्याने वाचलं आणि फोन पालथा धरला. टक्के बघायची गरज नव्हती. भोइट्यांच्या गच्चीचा कठडाही गुडघ्याएवढाच होता. दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधली होती, तेव्हा भांडण नव्हतं.

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग भिंतीपलीकडून, दिसत कुणी नसताना, मैदानभर जावी अशी हाक उठली.

“भोईटे! हात!”

अप्पा थांबले. अकरा वर्षांत त्यांना त्या बाजूने कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी पूर्वेकडे पाहिलं नाही. वाकून खाली अजिंक्यकडे पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, “सांग त्या मास्तरला. म्हणावं माझा हात माझ्या हद्दीत आहे.”

अजिंक्यने सांगण्याआधीच उत्तर आलं. “हात असेल. सावली माझ्या भिंतीवर आहे, माझ्या ताब्यात. माझ्या भिंतीवर हात हललाच पाहिजे.”

कायद्याचा मुद्दा होता. अप्पा असा मुद्दा ऐकल्यावर सोडून देणाऱ्यातले नव्हते. ते तपासायला म्हणून वळले, सात पावलं टाकून, आणि त्यांनी समोर पाहिलं. मुळीकांच्या पिवळ्या भिंतीवर एक लांबलचक माणूस उभा होता. पाय जमिनीला न टेकलेला. अप्पांनी उजवा हात हलवला, त्यानेही हलवला. मग ते थोडं चालले, भिंतीकडे बघत. तो माणूसही चालला, आणि त्याचा डावा हात दोरीला टांगल्यासारखा बाजूने तसाच गेला.

अप्पांनी तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत नजरेने मोजला. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला किती फरक पडलाय हे दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

“अजू,” ते शेवटी हळू म्हणाले, “कधीपासून आहे हे?”

“दिवाळीपासून, म्हणतात सर.”

“आणि त्यानं काय, लिहून ठेवलंय?”

“नंबर लावून ठेवलाय, अप्पा. गुरुवारचा. तारीख ते मागणार आहेत.”

अप्पांनी ओठ आवळले. आता ते रागावणार असं अजिंक्यला वाटलं, आणि त्याला तेच हवं होतं. पण ते पुन्हा चालायला लागले. एक फेरी. दुसरी. भिंतीपलीकडून कुणी आकडे मोजत होतं, एक-दो, एक-दो, अगदी हळू, पहिलीच्या पोरांना मोजावेत तसे. तिसऱ्या फेरीत अप्पांनी दात-ओठ खाऊन, मुद्दाम, खांद्यातून ओढून डावा हात पुढे टाकला.

नऊ इंच काही गेला नाही. पण गेला.

अजिंक्यच्या हातातला फोन थरथरला. ‘अनोळखी व्यक्ती क्र. २ अजूनही गच्चीवर आहे. ही व्यक्ती घरची आहे का? कृपया उत्तर द्या.’

त्याने उत्तर दिलं नाही. फोन खिशात टाकला, आणि ऊन जाईपर्यंत बघत उभा राहिला.